ओली घोंगडी

कौसल्येचं पहिलं लेकरू गेलं त्याच्या पुढल्या वर्षी, सन अडतीसच्या वैशाखात, तिची माय सत्यभामाबाई हर्णैच्या किनाऱ्यावर उतरली. उतरली म्हणजे, एका कोळ्यानं तिला उचलून गुडघाभर पाण्यातून वाळूवर आणून ठेवलं. एका हातानं तिनं त्याचा खांदा धरला होता, दुसऱ्या हातानं डोक्यावरची काळी घोंगडी.

"नामा, मला सोडलं तर सोडू दे, पन घोंगडी भिजू देऊ नको म्हनावं ह्याला!" ती मागून येणाऱ्या धाकट्या भावाला ओरडली.

घोंगडी नव्या लोकरीची होती. त्यांच्या डोंगरकडा गावच्या घरात लेकीचं बाळ पहिल्यांदा आजोळच्या घोंगडीवर निजवायचे. गेल्या खेपेला ते घडलं नाही. भर पावसात बोटी बंद होत्या, लेक इकडं, माय तिकडं. आता कौसाला पुन्हा दिवस गेले होते. पावसाळ्याआधीची शेवटची बोट शनिवारी निघणार होती आणि लेकीला तिच्यातून घेऊनच जायचं, हे म्हातारीनं हिंगोलीला रेल्वेत बसतानाच ठरवलं होतं.

जावई दगडोबा एका नारळीच्या वाडीत पाणी शिंपायचं काम करी. एवढी सावली एका जागी सत्यभामाबाईनं जन्मात पाहिली नव्हती. माड, पोफळी, खाली केळी, आणि पानांच्या फटीतून दिसणारं निळं पाणी. इथं मेंढरं काय खातील, असं तिच्या मनात आलं. मग, काय नाही खाणार, असंही आलं.

"मामी, शहाळं घ्या," दगडोबानं फोडून पुढं केलं.

"तुमच्याकडं पानी झाडावर ठिवतात व्हय जावईबापू? आमच्याकडं तर हिरीतबी न्हाई!"

प्रवासात घोंगडीला कोळशाची काजळी लागली होती. लोकर वाहत्या पाण्यात धुवायची, विहिरीच्या नाही, ही त्यांची रीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोणाला न विचारता समुद्रावर गेली. याच्याहून हलतं पाणी आणखी कुठलं? मनासारखी खळबळून तिनं घोंगडी अंगणात वाळत घातली. दुपारी घोंगडी पापडासारखी ताठ झाली, वर पांढरी पूड. दिवस कलला, वारा सुटला, आणि बघते तर पुन्हा ओली.

कौसानं घोंगडीला बोट लावलं, जिभेवर टेकवलं आणि मटकन खाली बसली.

"माय, अख्खा समिंदर पिऊन आली की ही! खारं पानी हाय ते. आता ही वाळायची न्हाई."

"मंग आदी काहून सांगितलं न्हाई?"

"तू इचारलंस कवा?"

पोट धरधरून हसत राहिली कौसा. विहिरीवर दगडोबाचा हात थांबला. "मामी," तो नंतर हळूच म्हणाला, "वर्साभरात आज हसली."

त्याच संध्याकाळी सत्यभामाबाईनं विषय काढला. "सामान बांध. शनवारी निघायचं."

कौसा उठली. तिला वाडीच्या कडेला घेऊन गेली. तिथं माडाचं गुडघ्याएवढं रोप होतं, भोवती दगडांचं आळं.

"लेकरू हितं हाय. रोज तांब्याभर पानी घालून राहिले. मी आले तर कोन घालंल?"

"जावई घालतील की."

"त्यांना वाडीभर माड हायत. ह्याला माय पायजे."

सत्यभामाबाईनं रोपाचं एक पान बोटांनी पुसलं.  रात्री जेवली नाही.

शनिवारी नामाजी बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावाजवळ उभा राहून हाका मारत होता. "अक्के, चल लवकर! कौसा कुठं हाय?"

म्हातारी वाळूत उभी. हातात गाठोडं नाही. "तूच जा. मेंढरं बघ. काळ्या मेंढीच्या खुरात खडा हाय, तेवढा काढ."

"अन् तू?"

"लेकीला माहेरी न्यायचं हुतं. माहेरच हितं आलं तर काय बिघडलं?"

"चार महिने बोट न्हाई, अक्के!"

"मंग चार महिने ऱ्हाईन. मला पवता थोडंच येतं?"

श्रावणात कौसाला मुलगी झाली. पोर अशी रडली की समुद्राची गाज ऐकू येईना. घोंगडी अजून ओलीच, म्हणून बाळाला आजीच्या लुगड्यावर निजवलं. रोपाला पाणी घालायचं काम मात्र पावसानंच घेतलं होतं.

बोटी सुरू झाल्यावर सत्यभामाबाई घोंगडी घेऊन घरी परतली. पुढल्या वर्षी नातीसाठी नवी विणून नामाजीच्या हाती पाठवली. जुनी स्वतःला ठेवली. मेंढरं ती चाटायला यायची, म्हातारी काठी उगारायची, "हटा! कौसाचं गाव हाय ते!" आभाळ भरून आलं की घोंगडी आपोआप ओलसर व्हायची. ती हात फिरवून सगळ्यांना सांगायची, "कौसाकडं पाऊस लागला."

दहा वर्षांनी आषाढातल्या एका सकाळी नामाजी बहिणीला उठवायला गेला. पांघरलेली घोंगडी ओली लागली. "अक्के, कौसाकडं पाऊस लागला गं," तो म्हणाला, आणि तिथंच बसून राहिला.

सत्यभामाबाई गेली ती सन अठ्ठेचाळीसच्या आषाढात, पहाटे, डोंगरकड्याला.