वेदीखालचा कोळसा

खाणीच्या गावातलं दगडी चर्च पाडायचं, हे कंपनीच्या कचेरीत पक्कं झालं होतं. जुन्या नकाशात चर्चखालचा सगळा कोळसा काढलेला दिसत होता. पोकळ जमिनीवर दगडांचं एवढं ओझं किती दिवस तग धरणार?

चर्चची झाडलोट करणाऱ्या बाईला ते पटेना. गेली चाळीस वर्षं ती पहाटे उपाशीपोटी वेदी पुसायची, मगच चहाचा घोट घ्यायची. कधी आवाज न चढवणारी ती बाई आज इंजिनियरच्या टेबलापाशी उभी राहिली.

"साहेब, नकाशा खोटा आहे."

"त्यावर तुमच्याच वडिलांची सही आहे, मावशी. मुकादम होते ना ते?"

"म्हणून तर सांगते. पाळी संपल्यावर दगड वाहून खाणकामगारांनीच हे चर्च बांधलं. पुढे वरून हुकूम आला, खालचा कोळसा काढा. वडिलांच्या टोळीनं तिथे कुदळच लावली नाही. दुसऱ्या बोगद्यातून जास्तीच्या गाड्या भरल्या आणि कागदावर इथल्या दाखवल्या. जाताना मला सांगून गेले."

दारात उभा असलेला तिचा धाकटा भाऊ चरफडला. "ताई, आणि पोकळी निघाली तर? चर्चही जाईल आणि वडिलांची अब्रूही."

"ते माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत," ती हळूच म्हणाली. "कंपनीशी बोलले, ते निराळं."

इंजिनियरनं हसू दाबलं. "एक बोअर घेऊन खालचा थर तपासू. एकच."

वेदीमागच्या भिंतीला लागून मशीन बसलं. सकाळची पाळी सुटली ती घरी न जाता तिथेच जमली. आधी माती आली, मग वाळूचा खडक. सत्तर फुटांवर मशीनवाल्यानं हात वर केला. "आता पोकळी असेल तर नळी धाडकन खाली जाईल."

बाईचे ओठ हलत होते. नळी इंचाइंचानं, कुरकुरत उतरत राहिली. वर काढली तेव्हा आतून निघाला काळा, चकचकीत, सलग कोळसा. चांगला सहा फूट.

"म्हातारा भलताच बेरकी निघाला की," भाऊ डोळे पुसत म्हणाला. एकच हशा पिकला.

इंजिनियरनं पाडण्याच्या हुकमावर तिथल्या तिथे लाल रेघ ओढली. "खाली कोळशाचा खांब शाबूत आहे. चर्च राहील."

कामगारांनी कोळशाचे ते तुकडे खांद्यावर उचलले. बाईनं मोठ्या दाराची दोन्ही कवाडं सताड उघडली, आणि अख्खी पाळी गात आत शिरली.