सगळ्यांत शेवटची गाडी

मी एक जुनी पिकअप गाडी आहे. रंग निळा, डावं दार मात्र हिरवं, कारण ते दुसऱ्या गाडीचं आहे. माझ्याकडे बघून हसू नका, मित्रांनो. रॉड्रिग्ज बेटावर समुद्राची खारी हवा खात तीस वर्षं उभं राहून दाखवा, मग तुमचीही दारं एका रंगाची राहतात का बघू.

माझा जन्म कारखान्यात झाला. कुठल्या, ते आठवत नाही, आणि आठवून उपयोग तरी काय? मॉरिशसहून जहाजात बसून मी इथे आले, तेव्हा धक्क्यावर क्रेनवाल्याने मला जरा जोरातच टेकवलं होतं. ते दुखणं पावसाळी हवेत अजून जाणवतं. गास्तोंने मला विकत घेतलं तेव्हा त्याचे केस काळे होते. तो रोज सकाळी मला गोड्या पाण्याने पुसायचा. आमच्याकडे नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी येत नाही, त्यामुळे ते किती मोठं प्रेम होतं हे आमच्या लोकांना विचारा. पुढे प्रेम ओसरलं. मग फडकं आलं, मग नुसता हात, आणि आता तर बोटाने धुळीवर नाव लिहून जातात मेले.

काम मात्र कधी थांबलं नाही. मी मका वाहिला, सिमेंट वाहिलं, बोकड वाहिले. रविवारी प्रार्थनेला अख्खी वस्ती वाहिली. चार नवऱ्या आणि सात शवपेट्या वाहिल्या. पण सगळ्यांत जास्त वाहिला तो ऑक्टोपस. ओहोटीला आमच्या बायका गुडघाभर पाण्यात उतरतात, हातात लोखंडी सळई घेऊन खडकाच्या फटीतून ऑक्टोपस ओढून काढतात आणि दुपारी काठीला लटकवून रस्त्याने चालू लागतात. मी त्यांच्यापाशी थांबायचे. थांबायचे म्हणजे थांबावंच लागतं. आमच्या बेटावर पायी चालणाऱ्याला गाडीत बोलावल्याशिवाय कुणी पुढे जात नाही, आणि बोलावल्यावर कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हणणं म्हणजे गाडीवाल्याच्या तोंडावर दार आपटणं. बंद पडलेल्या गाडीलाही कुणी ओलांडून जात नाही. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे.

वर्षातून एक दिवस मला वेगळं काम असायचं. नोव्हेंबरात एका रविवारी बेटावर मॅरेथॉन व्हायची. पहाटे पोर्ट माथुरिनहून सुटायचं, डोंगर चढून माँ लुबिनला जायचं, वळणावळणांनी दक्षिण किनाऱ्यावर उतरायचं, किनाऱ्याने पश्चिमेच्या टोकाला जाऊन परत यायचं आणि रिव्हिएर कोको गावात संपवायचं. बेचाळीस किलोमीटर! आणि त्या उन्हात, जेव्हा आमचे बोकडसुद्धा भिंतीच्या सावलीतून हलत नाहीत!

मी या सगळ्यांच्या मागून चालायचे. शर्यतीचे प्रमुख अरिस्तीद मास्तर. त्यांनी नियम केला होता की शेवटची गाडी ठरल्या वेगाने येईल, ती ज्याला ओलांडेल तो बाद, आणि ती साडेबाराला पोचली की शर्यत संपली. जो बाद झाला किंवा जो एकदा गाडीत बसला, त्याचा छातीवरचा नंबर काढून घ्यायचा. मला बघून धावणाऱ्यांची तोंडं अशी व्हायची, की मी गाडी नसून यमाचा रेडाच.

माझ्या पाठीत, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यात, बसलेल्यांच्या तोंडून मी या शर्यतीबद्दल जे ऐकलंय, ते पहिल्या आलेल्याला कधी कळणार नाही. जो तो म्हणायचा, चढाने नाही मारलं, उताराने मारलं. माँ लुबिनवरून उतरताना खाली हिरवानिळा समुद्र दिसतो, फेसाची पांढरी रेघ दिसते, आणि माणूस येडा होऊन पळत सुटतो. खाली आला की मांड्या संपलेल्या. मग किनाऱ्याचा रस्ता. वारा पाठीमागून असेल तर लागतच नाही, समोरून असेल तर तोंडावर भट्टी. रीयुनियन बेटावरून आलेली एक बाई माझ्या पाठीत बूट काढून रडली होती. "एवढे पैसे भरून आले हो हा देखावा बघायला, आणि पाच तास नुसते स्वतःचे बूट बघितले!" तिच्या शेजारी बसलेला माणूस म्हणाला, "मी तर तेही बघितले नाहीत, डोळ्यांत घाम होता." दोघंही मग हसत सुटली.

आता मार्लेनचं सांगते. मार्लेन म्हणजे गास्तोंच्या बायकोची धाकटी बहीण. वय चोपन्न. पस्तीस वर्षं ऑक्टोपस धरला, पाठ थोडी वाकली, जीभ मात्र सरळ. काही वर्षांपूर्वी तिने शर्यतीत नाव दिलं. आमच्या गावातली एकही बाई तोवर बेचाळीस किलोमीटर पुरं धावली नव्हती. बाप्ये म्हणाले, "मार्लेन, रस्त्यावर ऑक्टोपस नसतात हो!" ती म्हणाली, "म्हणूनच तुम्ही रस्त्यावर हिंडता, कष्ट नकोत ना."

त्या वर्षी ती चाळीस किलोमीटर व्यवस्थित आली. दमली होती, चालत होती, पण वेळ हातात होता. मी मागून येत होते. गास्तों उन्हाने पेंगुळला होता. त्याला समोर काय दिसलं? भर दुपारी रस्त्याच्या कडेने चाललेली मेहुणी. त्याचा हात आपोआप डाव्या दाराकडे गेला. "चल, चढ गं."

आणि मार्लेन काय म्हणाली? "देव भलं करो भावजी," म्हणाली आणि चढली!

शपथेवर सांगते, दोघांपैकी कुणाच्याही मनात काही नव्हतं. आयुष्यभराची सवय. त्याने विचारलं, तिने नाही म्हटलं नाही. मी शंभर पावलं गेले असेन, तोच मार्लेन किंचाळली. गास्तोंने करकचून ब्रेक दाबला. ती खाली उतरली, रस्त्याच्या कठड्यावर बसली आणि तोंडावर डोक्याचा रुमाल घेऊन रडली. अरिस्तीद मास्तर आले, त्यांनी मान खाली घालून तिचा नंबर काढून घेतला. नियम तो नियम. साडेबाराला अजून बावीस मिनिटं होती.

त्यानंतर बेटाला वर्षभर पुरेल इतकी करमणूक मिळाली. जी गाडी तिच्या बाजूने जाई, तिच्यातून कुणीतरी ओरडायचं, "मार्लेन, चढतेस का? दोनच किलोमीटर राहिलेत!" आणि मार्लेनने काय करावं? तिने कुणाच्याही गाडीत बसायचंच सोडलं. बसमध्येसुद्धा नाही. किनाऱ्यावरून डोंगरावरच्या बाजारापर्यंत काठीला ऑक्टोपस लटकवून ती पायी जायची. लोकांना आधी राग आला, मग हसू आलं, मग सवय झाली. गास्तोंशी ती एक शब्द बोलेना. त्याने तिच्या दारात लिंबांची टोपली ठेवली, ती संध्याकाळी परत त्याच्या दारात. त्याने नाताळला सॉसेज पाठवले, तेही परत. तो माझ्या स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हणायचा, "माझा हात तोडून टाकायला हवा." मलाही वाईट वाटायचं. शेवटी बसली तर ती माझ्यात ना!

पुढच्या वर्षी गास्तों मास्तरांना म्हणाला, "दुसरी गाडी बघा. मी येत नाही."

मास्तर म्हणाले, "तुझ्याइतकी हळू गाडी अख्ख्या बेटावर दुसरी आहे का?"

झालं, आम्ही दोघं पुन्हा शर्यतीच्या मागे!

तो दिवस उजाडला तोच तापलेला. मार्लेनने पुन्हा नाव दिलं होतं. माँ लुबिनचा चढ ती अशी चढली, की तरुण पोरं मागे पडली. डोंगर चढणं तिला रोजचंच, काठीवरचं ओझं तेवढं कमी. पण चाळिसाव्या किलोमीटरला तिच्या पोटरीत गोळा आला. मी वळणावरून पुढे आले आणि ती दिसली. एक पाय टाकायची, एक ओढायची. माझ्या पाठीत चार जण होते, त्यांत मॉरिशसचा एक दातांचा डॉक्टर. त्याने एकतिसाव्यालाच हात टेकले होते. तो सगळ्यांना आपल्या पायाचे फोड दाखवत होता.

गास्तोंने दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले. मी तिच्या मागे, आणि अंतर कमी होत चाललं. वेग ठरलेला होता. पाचेक मिनिटांत मी तिला ओलांडणार हे गास्तोंला दिसत होतं, डॉक्टरला दिसत होतं आणि मार्लेनलाही ऐकू येत होतं. माझा आवाज काही लपत नाही.

शेवटच्या चढावर माझं पाणी उकळलं. सहा महिने रेडिएटरकडे कुणी बघितलं नव्हतं. नाकातोंडातून वाफ आली आणि मी बंद पडले. गास्तोंने पाण्याचा डबा उचलला तर रिकामा. त्यातलं सगळं पाणी त्याने पाठीतल्या लोकांना पाजलं होतं.

मित्रांनो, मला वाटलं, चला, सुटली बिचारी. गाडी मागे आहे तोवर शर्यतीत आहे. जाईल आता निवांत. पण ती थांबली. वळली. आणि लंगडत मागे यायला लागली.

गास्तों ओरडला, "मागे येऊ नकोस! पळ, बाई, पळ!"

"ओरडू नका भावजी," ती म्हणाली. वर्षाने बोललेला तो पहिला शब्द. "बॉनेट उघडा."

"अगं, तुझी शर्यत!"

"रस्त्यात बंद पडलेली गाडी टाकून कुणी जातं का? उघडा म्हणते ना!"

डॉक्टर वरून म्हणाला, "बाई, साडेबाराला नऊ मिनिटं आहेत."

"तुम्ही घड्याळ बघू नका, बाटल्या काढा."

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. "आमच्याकडे नाहीत," डॉक्टर म्हणाला. त्याच्या मांडीखालची बाटली मला लागत होती! त्यांना वाटत होतं, ही गाडी इथेच मेली तर बरी. मार्लेनने मग डोक्याचा रुमाल काढला, रेडिएटरच्या झाकणावर ठेवून ते सैल केलं, वाफ बसेपर्यंत उभी राहिली आणि स्वतःच्या बाटलीतलं सगळं पाणी माझ्यात ओतलं. थेंबसुद्धा प्यायली नाही. तीन मिनिटं गेली. मी सुरू झाले. नाइलाज होता हो, आत पाणी पडलं की इंजिनाला दुसरं काय येतं?

ती पुढे निघाली. एक किलोमीटर राहिलं होतं. लंगड्या पायाने ते सहा मिनिटांत होणार नव्हतं, आणि आता मागे मी सुरू झालेली. तिच्याच पाण्याने.

गास्तों बॉनेट लावायला गेला. त्याने हात घातला, आणि थांबला. मग बॉनेट तसंच उघडं ठेवून आत येऊन बसला. समोर निळा पत्रा. रस्ता नाही, समुद्र नाही, काही नाही. डॉक्टर लगेच खाली उतरला, फोड विसरला आणि माझ्यापुढे चालत हात हलवून रस्ता दाखवू लागला. इतका सावकाश, की मुंगीने पुढे जावं.

गास्तोंच्या फोनवर मास्तरांचा आवाज आला. "गास्तों, साडेबारा वाजून गेले! कुठे आहेस? लोकांची जेवणं खोळंबलीत."

"येतोय मास्तर. बॉनेट उघडं आहे, पुढचं दिसत नाही."

"मग बंद कर ना बाबा!"

"बंद केलं की पाणी उकळतं."

खरं सांगते, मी तोवर चांगली गार झाले होते. पण मला कुणी विचारलं नाही.

मार्लेन थांबली. तिने मागे वळून बघितलं आणि तिच्या लक्षात आलं. "भावजी, मला दया नको तुमची!"

पत्र्यामागून गास्तों ओरडला, "कोण बोलतंय? मला कुणी दिसत नाही! दिसलं की माझ्या तोंडून 'चढ' निघतं. म्हणून मी बघतच नाही!"

 ती हसली का रडली ते कळलं नाही, पण पुढे चालू लागली.

ती पोचली तेव्हा एकला दोन मिनिटं कमी होती. पाहुणे निघून गेले होते, पण गावातल्या बायका थाळ्या हातात घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या. मार्लेनने रेघ ओलांडली. तिच्यानंतर मी. अरिस्तीद मास्तरांनी एकदा उघड्या बॉनेटकडे पाहिलं, एकदा गास्तोंकडे पाहिलं, आणि वहीत लिहिलं, 'गाडी शेवटी.' नियमात बॉनेटबद्दल एक अक्षर नव्हतं.

गास्तों उतरला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसला.  मार्लेन गळ्यात पदक घेऊन लंगडत आली, तिने स्वतः ते हिरवं दार उघडलं आणि आत येऊन बसली. "घरी सोडा भावजी," म्हणाली. "पाय संपले." गास्तों हमसून हमसून रडला. मी घरी जाताना एकदाही बंद पडले नाही.

आता मी परसात उभी असते. शर्यतीच्या मागे हल्ली दुसरी, झकपक गाडी असते. मित्रांनो, गाडीच्या रेडिएटरमध्ये पाणी बघत जा, गंज वेळेवर खरवडत जा. म्हाताऱ्या गाडीने एवढं सांगायलाच हवं. पण वाटेत कुणी रखडत चाललेलं दिसलं, तर आणखी एक करा. विचारा जरूर. विचारलं की मात्र दाराला हात लावू नका. त्याला 'नाही' म्हणायला सवड द्या. आमच्या बेटावर ते कुणी कुणाला शिकवलंच नव्हतं, आणि त्यापायी मार्लेन वर्षभर उन्हातून एकटी चालली.