काथवटीचा घास

"खा ना, त्यात काही नाही," इर्या म्हणाली.

आउलिसने काटा उचलला आणि पुन्हा बशीच्या कडेला ठेवला. पॅनकेक पातळ होता, कडा तांबूस झाल्या होत्या, वर इर्याने उन्हाळ्यात दलदलीतून वेचून आणलेल्या पिवळ्या बेरींचा मुरंबा होता. दिसायला सगळे चांगलेच होते. पण 'त्यात काही नाही' हे वाक्य त्याने आयुष्यात फार ठिकाणी ऐकले होते. चर्चमधल्या कॉफीच्या टेबलावर, मुलीच्या सासरी, बायकोला पुरून आल्यानंतरच्या जेवणातसुद्धा. म्हणणाऱ्याला बहुधा आत काय आहे हे ठाऊकच नसे.

"पीठ कुठलं घेतलंस?" त्याने हळूच विचारले.

"तू आणलेलंच. मक्याचं आणि तांदळाचं."

"आणि दूध?"

"तुझंच, न बाधणारं. पाकीट दाखवू का?"

"नको, नको," तो म्हणाला. पण त्याची नजर ओट्याकडे गेलीच.

टेबलापलीकडे इर्याचा भाऊ तौनो वाटाण्याच्या सूपचा दुसरा वाडगा संपवत होता. गुरुवार होता, आणि गुरुवारी त्या मुलखात घरोघरी वाटाण्याचे सूपच असते. आउलिसला वाटाणाही सोसत नव्हता आणि त्यातला कांदाही. त्याच्यासाठी उकडलेले बटाटे होते.

"दाजी," तौनो म्हणाला, "तुमच्यापेक्षा आमचा घोडा बरा होता हो. समोर टाकलं की गप खायचा." इर्याचे आणि आउलिसचे लग्न झाले नव्हते, पण तौनो त्याला दाजीच म्हणे, आणि त्यात मान किती नि टोमणा किती हे आउलिसला कधी कळले नाही.

"तौनो, पुरे," इर्या म्हणाली.

"अगं, वाईट काय बोललो? गहू नाही, राय नाही, जव नाही. दूध नाही, कांदा नाही, सफरचंद नाही. आता वाटाणा नाही. उद्या म्हणतील पाणी बाधतं. मी सांगू का? अशा माणसाला एकदा न सांगता चारायचं. लष्करात आमच्या तुकडीत एक होता, त्याला म्हणे मासे चालत नव्हते."

"मग?" इर्याने विचारले.

"मग काय. मटणाचं म्हणून दोन वाडगे सूप प्याला माशांचं. वर ढेकर दिला."

इर्या हसली. लहानसेच हसू होते, भावाच्या जुन्या गोष्टीला बहीण हसते तसे. आउलिसही हसला. पॅनकेक त्याने सगळा खाल्ला, आणि तिने त्याच्यासाठी भाजलेल्या ओटच्या पावाचा तुकडाही. पण घरी परतताना गाडीत त्याला ते हसू आठवत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी पोटात कळ सुरू झाली तेव्हाही तेच आठवले.

तो निवृत्त होईपर्यंत नगरपालिकेची पुस्तकांची गाडी चालवत असे. तळ्याकाठच्या वाड्यावस्त्यांना ठरलेल्या वारी गाडी न्यायची, मागचे दार उघडायचे, पुस्तके द्यायची नि घ्यायची. बोलणे जेवढ्यास तेवढे. ते काम त्याला मानवले होते, कारण माणसे त्याच्याकडे न बघता कपाटाकडे बघत. इर्या त्याच्या शेवटच्या थांब्यावर यायची. तिचा नवरा वारला, मग आउलिसची बायको गेली, आणि मग एकदा इर्या पुस्तक न घेताच म्हणाली, "कॉफीला घरीच ये की." तेव्हापासून तो जात होता. आता तळ्यावरचा बर्फ वितळला की त्याने गावातली भाड्याची जागा सोडून कायमचे तिच्याकडे राहायला जायचे ठरले होते. पुस्तके खोक्यांत भरून झाली होती.

पोटाचे दुखणे जुने होते. चाळिशीत डॉक्टरांनी सांगितले होते की गहू, जव आणि त्या थंड मुलखातले काळपट धान्य राय, यांतले ग्लुटेन तुमच्या आतड्याला सोसत नाही, कणभरही नाही. ते त्याने पाळले. मग दूध बाधू लागले, मग कांदा, मग सफरचंद, मुक्कामाला आलेल्या पाहुण्याने आपला भाऊ बोलवावा आणि भावाने मेहुणा, तसे. त्या सगळ्यांशी त्याने जुळवून घेतले. एकट्याच्या स्वयंपाकात ते जमत होते. बरीच वर्षे तब्येत ठीक होती.

ती बिघडली ती या वर्षी.

रक्त तपासले, आणि दवाखान्यातल्या नर्सचा फोन आला. "आउलिस, खरं सांग हं. पाव खातोस का चोरून?"

"नाही."

"आकडा वाढलाय तुझा. कुठून तरी जातंय पोटात."

"मी फार जपतो."

"मग कोणीतरी चारतंय तुला," नर्स म्हणाली आणि हसली. या वर्षी सगळेच हसत होते.

त्याने फोन ठेवला आणि बराच वेळ खुर्चीत बसून राहिला. त्याला स्वतःचीच लाज वाटली. चांगल्या बाईबद्दल असे मनात आणावे? शिवाय त्याचा स्वतःवर तरी कुठे भरवसा होता? कदाचित हे सगळे आपल्या डोक्यातच असेल, कदाचित तौनो म्हणतो तसे आपण नुसतेच किरकिरे आहोत, असे त्याला आयुष्यभर अधूनमधून वाटत आलेच होते. पण आकडा डोक्यातला नव्हता. रक्तातला होता.

मग तो पाहू लागला. इर्या भांडी कशी धुते, कोणता चमचा कुठे फिरतो, गव्हाचा पाव कापलेल्या सुरीला ती पुसते की धुते. ती धूत होती. त्याच्या पातेल्याच्या डावाला तिने लाल लोकर बांधून ठेवली होती, चुकून दुसरीकडे जाऊ नये म्हणून. तिची काळजी पाहून त्याला बरे वाटायला हवे होते. पण त्याला वाटले, इतकी काळजी घेणाऱ्या माणसाच्या हातून चूक होत नाही. मग जे होते आहे ते काय?

एका रविवारी तो घरून डबा घेऊन गेला. उकडलेले मासे आणि गाजर.

इर्याने डब्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "माझ्या घरी डबा?"

"पोट जरा नाजूक आहे. तुला त्रास नको म्हणून."

"मला कसला त्रास." ती वळली आणि चुलीवरचे पातेले बाजूला सारले. थोड्या वेळाने म्हणाली, "पाव तरी खाशील ना? तुझ्यासाठी भाजलाय."

"पाव खाईन की," तो म्हणाला.

पावाबद्दल त्याला शंका नव्हती. तो ओटचा पाव होता, आणि ओटचे पीठ तोच सहकारी दुकानातून आणून देत असे, ग्लुटेन नसल्याचा शिक्का असलेले बंद पाकीट. पावासाठी बरीच वर्षे झुरलेल्या माणसाला इर्याच्या त्या पावाने वेड लावले होते. बाजारातला असा पाव भुसभुशीत, कागदासारखा. इर्याचा फुगायचा, त्याला किंचित आंबट वास यायचा, लहानपणीच्या पावासारखा. तिने तो पहिल्यांदा समोर ठेवला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याने चष्मा पुसल्याचे सोंग केले होते.

त्या रविवारी त्याने डब्यातले खाल्ले आणि पावाचे तीन तुकडे. रात्री पोट पिळवटून निघाले.

आता एकच गोष्ट उरली होती.

पडल्या पडल्या त्याने सगळे जुळवून पाहिले. नुसता ओट असा फुगत नाही. तिने नक्कीच त्यात रायचे पीठ मिसळले असणार. पाव चांगला व्हावा म्हणून असेल, किंवा भाऊ म्हणाला तसे, न सांगता चारून बघावे म्हणून. पहिले असेल तर सांगता येईल. दुसरे असेल तर त्या घरात आपण राहायचे कसे? जिच्या हातचे खायचे तिच्याच हाताकडे पाहत उरलेली वर्षे काढायची?

पुढच्या शनिवारी तो सकाळीच तिच्याकडे गेला.

"आज लवकर?" इर्याने दार उघडले. अंगात तिचा पाव भाजतानाचा जुना राखाडी स्वेटर होता.

"म्हटलं, बसावं सोबतीला. तुझं भाजणं कधी पाहिलं नाही."

ती खुलली. "बघ की. पण मध्ये मध्ये बोलू नकोस, पीठ रुसतं."

तो खिडकीजवळच्या बाकावर बसला. हातात पुस्तक धरले, पान उलटले नाही. इर्याने भट्टीमागच्या उबदार कोपऱ्यातून फडक्याने झाकलेली एक लाकडी काथवट ओढून आणली. बादलीसारखी खोल, फळ्या जोडून केलेली, कडांना वर्षानुवर्षांचा करडा थर. फडके काढले तसा तो आंबट वास खोलीभर झाला.

"कालच कालवून ठेवलंय," ती म्हणाली. "तुझं पीठ आणि पाणी. बाकी काही नाही."

"खमीर?"

"खमीर कशाला?" तिने अभिमानाने काथवटीच्या कडेवर थाप मारली. "खमीर हिच्यात आहे. ही माझ्या आईची, तिच्याआधी तिच्या सासूची. कधी धुतलेली नाही. धुतली की मेली. तू यायला लागलास तशी मी हिच्यात राय मळायचंच सोडलं. वर्ष झालं, माझ्यासाठी दुकानचा पाव आणते. ही फक्त तुझी."

आउलिसच्या आईकडेही अशीच काथवट होती. ती कशी जपतात हे त्याला माहीत होते, आणि तरीही हे त्याच्या मनात आले नव्हते.

"इर्या," तो म्हणाला, "पाव काढून झाल्यावर हिला काय करतेस?"

"काय करायचंय? खरवडायचं, आणि मूठभर रायचं पीठ भुरभुरून वाळत ठेवायचं. नाहीतर उपाशी मरते ती."

"रायचं पीठ."

"ते काथवटीचं खाणं रे. तुझं थोडंच आहे?"

बोलता बोलताच ती थांबली. पिठात बुडालेले हात तिने वर काढले आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. आउलिसला काही सांगावे लागले नाही. सांगायला त्याला जमलेही नसते.

"दर वेळी," ती म्हणाली.

"तुला कसं कळणार."

"दर वेळी दिलं मी तुला."

"मलासुद्धा सुचलं नाही, इर्या. मी तर अशाच घरात वाढलो."

तो उठला. मनातून एवढे मोठे ओझे उतरले होते की त्याला हसू येत होते. ती तशी नव्हती. कोणी त्याला चारून बघत नव्हते. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण तो खांदा हलला नाही.

"तू आज सोबतीला आला नव्हतास," इर्या म्हणाली.

त्याने हात मागे घेतला.

"माझ्या हातांवर नजर ठेवायला आला होतास. डबासुद्धा त्यासाठीच. तुला वाटलं, तौनो म्हणाला ते मी केलं."

"तू हसली होतीस," तो म्हणाला. म्हणायचे नव्हते, निघून गेले.

"हसले होते." तिने बोटांवरचे पीठ एकेक करून काढले आणि काथवटीत टाकले. "माझा भाऊ आहे तो. बावळट आहे. त्याला नाही हसले तर कोणाला हसू? पण तू मला विचारायचंस, आउलिस. रोज विचारतोस, पीठ कुठलं, दूध कुठलं. एवढं एक नाही विचारलंस."

बाहेर छपरावरून बर्फाचा एक थर घसरून खाली पडला.

"ही मी धुणार नाही," काथवटीकडे पाहत ती म्हणाली.

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणणार नाहीसच तू. पण धुऊन तरी काय होणार? लाकडात मुरलंय ते. घरभर आहे. फळ्यांच्या फटीत, भट्टीत, या बाकावर, तू बसला होतास तिथे. शंभर वर्षं राय मळलीय आम्ही इथे." तिने फडके पुन्हा काथवटीवर घातले, नीट, कडा दाबून. "या घरात तू बरा होणार नाहीस. आणि हे घर मी सोडणार नाही. मला एवढंच आहे."

तो टोपी घालून निघाला तेव्हा ती भट्टी पेटवत होती. त्याच्यासाठी कालवलेल्या पिठाचा पाव ती भाजणार होती आणि स्वतः खाणार होती, वाया घालवणे तिला ठाऊक नव्हते.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. त्यानेही केला नाही. फोनजवळ तो जाई, आणि आपण काय म्हणणार याची वाक्ये जुळवी, आणि ती त्याला पुस्तकातल्या वाक्यांसारखी वाटत. पोट हळूहळू शांत झाले. नर्सने सांगितले, आकडा उतरतो आहे, शाब्बास. त्याला शाब्बासकीचे काही वाटले नाही. संशय खोटा ठरला होता आणि खराही, आणि यातले कोणते जास्त वाईट हे त्याला ठरवता येत नव्हते.

फेब्रुवारीच्या एका रविवारी, कडाक्याच्या थंडीत, अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला. तो चुलीवर मासे आणि बटाटे शिजवत होता. दार वाजायला बराच वेळ लागला. मग वाजले.

इर्या उंबऱ्यावर उभी होती. अंगात नुसता पातळ झंपर, ओठ निळसर.

"आत येऊ का?"

"ये. ये ना."

ती आली ती थेट बेसिनकडे गेली. साबण घेऊन तिने कोपरापर्यंत हात धुतले, नखांत घासले, पुन्हा धुतले. मग खुर्ची ओढून टेबलाशी बसली.

"आज भाजणं होतं," ती म्हणाली. "राय. तौनोला म्हटलं, तू एकटाच खा."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, दाजींना नमस्कार सांग. आणि घोड्याचं बोललो ते मनावर घेऊ नका म्हणावं." तिने चुलीकडे पाहिले. "काय केलंयस जेवायला?"

"मासे. बटाटे. नुसतं मीठ आहे. बेचव लागेल तुला."

"वाढ," इर्या म्हणाली.

त्याने दोन ताटल्या काढल्या. ती थंडीने कापत होती, म्हणून दार नीट लागले आहे का पाहायला तो गेला. पायरीवर, बाहेरच्या खिळ्याला, तिचा राखाडी स्वेटर टांगलेला होता. बाह्यांना पीठ लागले होते आणि त्या थंडीने ताठ झाल्या होत्या. त्याने दार हळूच ओढून घेतले आणि चुलीत आणखी एक लाकूड सारले.