हिरडीत रुजलेले दात

फुलाबाईनं कडक भाकरीचा तुकडा नव्या दातांनी कडकन मोडला आणि भवानी पेठेतलं ते पटांगण टाळ्यांनी दणाणलं. कालपर्यंत बाईच्या तोंडात पुढं नुसतं खिंडार होतं!

"दात म्हंजे झाड, हिरडी म्हंजे रान!" दंतनाथ महाराज गरजले. "पेरणारे आमी, रुजवणारा महादेव! पर शंका घेतली की मूळ जळालंच म्हणून समजा!"

मोठी सोयीची शेती होती ही. दात टिकला तर महाराजांची किमया, पडला तर तुमचं पाप.

रुद्राणी गर्दीतून कशीबशी बाहेर पडली. ती मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची. तिच्या अव्वाला, म्हणजे आई शांतम्माला, महाराजांनी गेल्याच आठवड्यात तीन दात रोवले होते. आज सकाळपासून शांतम्माचा जबडा दगडासारखा सुजला होता, अंग भाजत होतं, पाण्याचा घोट उतरत नव्हता. तेच विचारायला रुद्राणी आली होती. चेल्यानं दोन शब्दांत वाटेला लावलं, "मूळ धरतंय."

ती तांगा घेऊन घरी आली, तर वडील चन्नप्पा दारात आडवे उभे.

"डॉक्टरकडं न्यायचं न्हाय. महाराजांचा शब्द मोडला तर समदं नासंल."

"अप्पा, अव्वाला श्वास घेता येईना की!"

चन्नप्पा हलेनात. तेवढ्यात शांतम्माच भिंतीला धरून उठली. तोंडातून शब्द फुटत नव्हता. तिनं नवऱ्याचा हात चौकटीवरून काढला आणि लेकीचा घट्ट धरला. चन्नप्पा तांग्यात मागं बसले.

दाताचे डॉक्टर चन्नवीर यांनी तिच्या दातांभोवतीची बारीक तार कापली, गुलाबी लेपाचा गोळा उचकटला. खालून पुवाची धारच लागली. चन्नप्पांनी तोंड फिरवलं.

"ह्यांना जुना पायरिया आहे," डॉक्टर म्हणाले. "हिरडी सडली, दाताखालचं हाड झिजलं, म्हणून तर दात पडले. परदेशात डॉक्टर हाडात धातूचा खुंटा रोवून दात बसवायचे प्रयोग करतायत. पण तिथंही आधी हिरडीचा आजार बरा करावा लागतो, नाहीतर खुंटाही हलायला लागतो. ह्या बाबानं तर रोवलं काहीच नाही. शेजारच्या हलत्या दातांना खोटे दात बांधले आणि लेप थापला. घाण आत कोंडली. आणखी थोडा उशीर झाला असता, तर सूज गळ्यात उतरून श्वास बंद झाला असता."

शांतम्मा वाचली. तारेनं ओढलेले तिचे दोन दात मात्र गेले.

दुसऱ्या दिवशी रुद्राणी डॉक्टरांकडून गुलाबी भुकटी आणि उग्र वासाचं पाणी घेऊन पटांगणात उभी राहिली. महाराज मंत्र पुटपुटत लेप कालवत होते.

"मी मंत्राशिवाय कालवते," ती म्हणाली.

"पाप लागंल, पोरी!" महाराज ओरडले. "हाकला तिला!"

चेले धावले. तिच्या पुढ्यात चन्नप्पा येऊन उभे राहिले. "हात लावून तर बघा! माझी बायको दवाखान्यात पडलीय ह्याच्या दातांनी!"

रुद्राणीनं वाटीत भुकटी आणि पाणी कालवलं. वाटीतला लेप घट्ट होत गेला, गरम झाला. तिनं तो फरशीवर आपटला. टक्क आवाज आला.

"हे दुकानात मिळणारं रसायन आहे. कवळी बनवायला वापरतात. ह्याला मंत्र ऐकू येत नाही."

फुलाबाई पुढं आली, तिनं आ वासला. "बघ गं बाई, माझ्यात काय हाय?"

रुद्राणीनं ओठ वर केला. ऊन पडलं आणि तार चकाकली. लोक बघायला पुढं रेटले. तेवढ्यात महाराज मागच्या बोळातून पसार झाले.

"आता मी काय करू?" फुलाबाई रडकुंडीला आली.

"उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चला, मावशी," रुद्राणी म्हणाली. मग गर्दीकडं वळली. "देवाला हात जोडायला कुणाची ना नाही. पण हिरडीतून रक्त येतं तो शाप नव्हे, आजार आहे. आणि विचारलं म्हणून जे जळून जातं, ते मुळात रुजलेलंच नसतं."