श्रीवत्साचे डोळे

अंधाऱ्या प्रयोगशाळेच्या दारावर थाप पडली तशी देविकेनं आधी प्रकाश टिपणारे डिटेक्टर बंद केले, मग कडी काढली. बाहेरचा उजेड थेट पडला असता तर ते जळूनच गेले असते. सकाळपासूनचं मोजमाप मात्र वाया गेलं.

दारात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. कपाळाला गंध, चपला हातात.

"देविका म्हणजे तुम्हीच का? मी राणोजी. मैलापुराहून आलों."

चेन्नईत आल्यापासून या प्रयोगशाळेत कुणी तिच्याशी मराठीत बोललं नव्हतं. ही मराठी तंजावरकडची होती, तमिळ हेलाची.

"नेत्रपेढीत तुमचं नाव सांगितलं. लेकाचे डोळे इकडे आले म्हणे. श्रीवत्स त्याचं नाव. एन्नोरच्या रस्त्यावर लॉरीनं..."

देविकेची नजर टेबलाकडे गेली. तिथे द्रावात कॉर्निया ठेवलेला होता, डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा. तिच्याकडे तो नाव नसलेला नमुना म्हणून आला होता, सोबत फक्त नाकारल्याचं कारण. स्फटिकातून फोटॉनांची, म्हणजे प्रकाशकणांची, जुळी निघत. एक फोटॉन त्या पडद्यात शिरून परत येई, दुसरा आरशावरून. दोघांची वेळ तंतोतंत जुळली की मोजणीचा आकडा घसरे, आणि आतला थर किती खोल आहे ते न कापता कळे. काम फार संथ चाले.

"कुणांस बसविले, एवढंच विचारायला आलों."

"बसा ना, काका."

ते बसले नाहीत.

"बसवता आले नाहीत," ती म्हणाली. "मागच्या थरातल्या पेशी जिवंत राहिल्या नव्हत्या. काढायला उशीर झाला होता. म्हणून अभ्यासासाठी दिले."

राणोजींनी हातातल्या चपला हळूच खाली ठेवल्या.

"उशीर," ते म्हणाले. "त्याची आई नको म्हणत होती. किती वेळ समजाविलं तिला. कोणी तरी जग पाहील त्याच्या डोळ्यांनी, असं म्हणालों. तेव्हा कुठे हो म्हणाली."

देविकेनं द्रावाच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

"खाली बसली आहे. डोळे ज्यांस बसविले त्यांस भेटायचंच म्हणून हट्ट धरून आली. उशीर झाला, हे तिला सांगूं नका."

"मी खोटं कसं सांगू?"

"काहीच सांगूं नका. नुसतं भेटा."

खाली झाडाच्या पारावर त्यांची बायको, राजसबाई, बसल्या होत्या. देविकेला येताना पाहून त्या उठल्या. अंधारात बसून लाल झालेले, पाणावलेले तिचे डोळे त्यांनी बराच वेळ निरखले.

"हीच का?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

राणोजी फाटकाकडे पाहत राहिले.

त्या काय समजल्या आहेत, हे देविकेच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. "नाही, मी..." ती म्हणू लागली, तोवर राजसबाईंनी तिच्या हनुवटीला हात लावला होता.

"नीट दिसतं ना, बाळ?"

कालच त्या कॉर्नियाचा अगदी मागचा थर तिच्या आलेखात पहिल्यांदा उमटला होता. इतका स्वच्छ, की खोलीत ती एकटीच हसली होती.

"दिसतं," देविका म्हणाली.

"मग मजकडे पाहा."

देविकेनं चष्मा काढला. राजसबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, मानेमागे गेलेलं मंगळसूत्र पुढे ओढलं, आणि फोटो काढून घेताना उभं राहावं तशा त्या तिच्यासमोर उभ्या राहिल्या.