दोन अंश

थोरलीने टेबलावरचं रेल्वेचं छोटं इंजिन पुन्हा ढकललं. जेमतेम एक फेरा झाला आणि चाकं त्याच जागी अडली. मागे घेतलं, परत ढकललं. पुन्हा तेच.

खिडकीपाशी बसलेले बाबा तिकडे बघत नव्हते, पण सकाळपासून त्यांचा पाय नुसता हलत होता. चार वाजता त्यांचं लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, बघायला गिऱ्हाईक येणार होतं. आजारपणानंतर हात थरथरायला लागला, तेव्हा बाबांनीच जाहीर करून टाकलं होतं, की आपण बसवलेलं एक जरी चाक चुकलं तरी लेथ विकून टाका; गिऱ्हाईकही त्यांनीच आधी बोलावून ठेवलं होतं. चाळीस वर्षं लेथवर टर्नर राहिलेला माणूस. त्याच्याशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

इंजिनाला चाकांच्या तीन जोड्या. दोन बाबांनी कोन ठरवून देणाऱ्या आपल्या जुन्या साच्यात धरून बसवलेल्या, तिसरी तिने कोनमापक लावून. डाव्या चाकाची खुंटी आणि उजव्याची खुंटी यांत बरोबर पाव फेऱ्याचं अंतर हवं, आणि तिन्ही जोड्यांत ते सारखं हवं. नाहीतर त्यांना जोडणारा दांडा अडतो. तिने दांडे सोडवले. आपली जोडी मोजली, नव्वद अंश. बाबांची पहिली मोजली, अठ्ठ्याऐंशी. दुसरी मोजायलाच नको असं वाटलं. तरी मोजली. तीही अठ्ठ्याऐंशी.

तिने आपलंच चाक काढलं, दोन अंश मागे घेऊन बसवलं, दांडे लावले. इंजिन टेबलाच्या टोकापर्यंत सुळकन गेलं.

कुठे अडत होतं, असं बाबांनी विचारलं. माझं चाक चुकलं होतं, असं ती म्हणाली.

बाबा उठून टेबलापाशी आले. कोनमापक अजून उघडाच पडला होता, नव्वदच्या जरा अलीकडे.

"मापायला मी शिकवलं. खोटं बोलायला कुठे शिकलीस? किती कमी होतं माझं?"

"दोन अंश."

"म्हणजे लेथ जाणार."

तिला रडू आलं, रागही आला.

"दोन्ही जोड्यांत दोनच अंश, बाबा. थरथरत्या हाताला दोनदा सारखं चुकता येतं का? साचा झिजलाय तुमचा."

बाबांनी साचा उचलून त्याची झिजलेली कड बोटाने चाचपली. हात थरथरतच होता.

"त्या गिऱ्हाइकाला फोन कर," ते म्हणाले. "लेथवर नव्या साच्याचं काम चालू आहे म्हणावं."