मला भिंतीवर लावू नका

मी जाळी बोलतेय. मासे धरायची नव्हे, पानं धरायची. घरामागच्या तळ्यातला कचरा काढणारी साधी हातजाळी. आवाज जरा ओलसर वाटेल, कारण कालचं पाणी अजून पुरतं सुकलेलं नाही. मागच्या वर्षी याच सुमारास मी खडखडीत कोरडी होते, आणि माझ्याबद्दल घरात जे काय बोललं जात होतं त्याला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. ते आज देते.

माझा जन्म शिवणयंत्राखाली झाला. या घरातल्या आई लोकांचे कपडे शिवायच्या. कुणाची तरी मच्छरदाणी शिवून उरलेला तुकडा त्यांनी टाकला नाही. त्यांच्या यजमानांनी जाड तार वाकवून कडं केलं, आईंनी त्याला पिशवी शिवली, आणि पडद्याचा सहा फुटी दांडा लावून मला उभी केली. कड्याला एकशे बारा टाके आहेत. मी ते नीट मोजले आहेत, पुढे मोजायला वेळच वेळ मिळाला. कडं पुरतं गोल नाही, एका अंगाला चपटं आहे. यजमान म्हणाले होते, "वाकडं झालं गं." आई म्हणाल्या, "राहू दे. तळ्याची कड सरळ आहे. तिथे हेच बरोबर बसेल." आणि बसलं.

तळं त्या दोघांनीच खणलेलं. बारा फूट लांब, नऊ फूट रुंद, मधोमध कमरेइतकं खोल. त्यात नऊ मासे. त्यातल्या सगळ्यात मोठ्याचं नाव मुकादम, कारण कुठेही काम चाललं की हा तिथे हजर, आणि स्वतः मात्र काडी हलवायचा नाही.

माझे दोष मीच सांगते, म्हणजे दुसऱ्याला त्रास नको. माझी वीण फार बारीक. पाणी माझ्यातून चटकन सुटत नाही. मला जोरात ओढलं तर मी फुगते आणि समोरची पानं लांब ढकलते. मला सावकाशच न्यावं लागतं. भरून वर येताना मी जड होते. आणि तळाचा काळा गाळ मला उचलवत नाही, तो माझ्यातून ओघळून जातो. एवढं कबूल. याच्यापुढे मात्र एक शब्द ऐकून घेणार नाही.

आईंची पद्धत ठरलेली होती. सकाळचा चहा झाला की मला घेऊन यायच्या. वारा ज्या कडेला पानं लोटतो तिथून सुरुवात. काढलेला सगळा कचरा काठावरच्या सपाट दगडावर ठेवायच्या आणि दुसऱ्या सकाळपर्यंत त्याला हात लावायच्या नाहीत. "ज्याला परत घरी जायचंय त्याला जाऊ दे," म्हणायच्या. पानांत अडकलेल्या गोगलगाई, बारके किडे दिवसभरात सरपटत पाण्यात परत जायचे. मग उरलेली पानं फुलझाडांच्या वाफ्यात. सोळा वर्षं हा नेम चालला. यजमान गेले, नजर अधू झाली म्हणून शिवण सुटली, तरी हा नेम सुटला नाही. सकाळी उठून आपली वाट बघणारं एवढं एकच काम त्यांना उरलं होतं.

मग त्यांचा उजवा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, वजन उचलायचं नाही. मला मागच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं, आणि तिथे मी आठ महिने लटकले.

त्या आठ महिन्यांत शेजारच्या आवारातल्या झाडानं आपलं काम चोख केलं. पानं पडली, तरंगली, बुडाली, कुजली. पाणी आधी चहासारखं झालं, मग चहाही लाजेल असं. शेजारीणबाई नाकाला पदर लावून खिडकी लावून घ्यायच्या, तीही धाडकन, म्हणजे आम्हाला ऐकू जावं.

आणि मग मुलगा म्हणाला, "त्या जाळीनं काही होत नाही, आई."

ऐकलंत? आठ महिने मला टांगून ठेवलं, आणि पाण्याचा ठपका माझ्यावर!

मुलगा लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. मन वाईट नाही त्याचं. पण ज्या वस्तूला मोटर नाही तिला तो अवजार मानत नाही. त्यानं सरळ सांगून टाकलं, "हे बघ, पानगळ सुरू व्हायच्या आत पाणी साफ झालं तर ठीक. नाहीतर मासे कुणाला तरी देऊ आणि तळं बुजवून टाकू. तुला झेपत नाही, आम्हाला वेळ नाही."

आई चादरीची घडी घालत होत्या. ती घडी त्यांनी मोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घातली.

पुढच्या आठवड्यात दुकानदार आला. काठावर बसून त्यानं चित्रांचं पुस्तक उघडलं. एक तरंगती टोपली होती, पंपाच्या जोरावर वरची पानं आत ओढणारी. एक गाळ ओढायचं यंत्र, जाड पाइपाचं. आणि एक पसरायचं जाळं, पानगळीत अख्ख्या तळ्यावर ताणून बांधायचं.

"साहेब, तुमच्या तळ्याला हे गाळाचंच पाहिजे," दुकानदार म्हणाला. "वास बघा ना कसला येतोय."

"मोटर केवढी आहे?" मुलानं विचारलं. त्याचे डोळे चमकलेले मी खिळ्यावरून पाहिले.

सून इस्पितळात परिचारिका आहे. ती मध्येच म्हणाली, "थांबा जरा. तळ्यात नक्की काय पडतं, किती पडतं, कधी पडतं, हे कुणी बघितलंय का?"

"कचरा पडतो. अजून काय पडणार?"

"अरे, पेशंट आला की आम्ही कागदावर नुसतं 'दुखतंय' असं लिहितो का?"

"झालं, आता तळ्यालाही थर्मामीटर लाव," मुलगा म्हणाला, आणि गाळाचं यंत्र घरी आलं.

रविवारी सकाळी तो बाह्या सरसावून उतरला. आई स्टुलावर बसल्या होत्या. यंत्र घरघरलं आणि पाच मिनिटांत गप्प झालं. पाइपात पानं अडकली होती. त्यानं ती उपसली, पुन्हा चालू केलं, पुन्हा तुंबलं. असं सात वेळा झालं. मी मोजत होते, आणि खरं सांगते, पहिल्या चार वेळा मला मजा वाटली.

पाचव्या वेळेपासून मात्र वाटेना. गाळाबरोबर पाणीही वाफ्यात चाललं होतं. तळं गुडघ्याइतकं उरलं. तळ ढवळून सगळं शाईसारखं काळं झालं आणि मासे वर येऊन तोंडं उघडू मिटू लागले. आईंनी बोटानं मोजले. आठ भरले.

"बंद कर ते," आई उभ्या राहिल्या. "मुकादम दिसत नाही."

"असेल गं खाली कुठेतरी."

"काम चाललंय आणि तो बघायला आलेला नाही, असं कधी झालंय? बंद कर म्हणते ना!"

यंत्र थांबलं. सून धावत आली आणि तिनं मला खिळ्यावरून काढलं. आठ महिन्यांनी पाणी लागलं मला, आणि तेही असं! तिनं घाईनं मला पाण्यात खुपसलं. मी फुगले, गाळ आणखी उडाला.

"अगं हळू," आई म्हणाल्या. "झोपलेल्या पेशंटच्या अंगावर पांघरूण घालतेस ना, तशी ने."

ते तिला बरोबर समजलं. मी कडेकडेनं, चपट्या अंगानं भिंतीला घासत सरकले. पाइपाच्या तोंडापाशी काहीतरी निसरडं, जड लागलं. मुकादम तिथे चिकटून बसला होता. मी त्याला अलगद पोटात घेतलं. एका अंगाची खवलं खरवडून निघाली होती, कल्ला मात्र हलत होता. स्वच्छ पाण्याच्या टबात सोडल्यावर तो थोडा वेळ आडवा तरंगला, मग सरळ झाला, आणि टबाच्या काठाशी येऊन आमच्याकडे बघू लागला, आता पुढचं काम काय, अशा थाटात.

मुलगा वाफ्यातल्या चिखलात गुडघ्यांवर बसून गोगलगाई वेचत होता. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

संध्याकाळी नळीनं तळं पुन्हा भरलं, मुकादम घरी गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून सुनेनं तीन बादल्या मांडल्या. ड्यूटीवर जायच्या आधी रोज मला घेऊन यायची. तरंगणारं पहिल्या बादलीत, अर्धवट बुडालेलं दुसरीत, तळाचं तिसरीत. सात दिवस. चार ताजी पानं तिनं रिकाम्या टबातही तरंगत ठेवली होती. वरचं मी काढत होते, तळाचं ती जुन्या डावानं खरवडून काढायची. मला डावाचा हेवा वाटला नाही. ज्याचं काम त्यानं करावं.

आठव्या दिवशी तिघंही बादल्यांभोवती जमली.

"बघ," सून नवऱ्याला म्हणाली. "जवळजवळ सगळी पानंच आहेत. आणि एकाच बाजूनं येतात. पहिले दोन दिवस तरंगतात, तिसऱ्या दिवशी जड होतात, चौथ्याला तळाशी. तुझा गाळ म्हणजे वेळेवर न उचललेली पानं आहेत रे. वरचं वर काढलं तर खाली जाईलच कशाला?"

"तिसरा दिवस," आई म्हणाल्या. "पाऊस झाला तर दुसरा."

दोघांनी वळून पाहिलं.

"आई, तुम्हाला हे माहीत होतं?"

"सोळा वर्षं रोज काढतेय. माहीत नसायला काय झालं?"

"मग बोलला का नाहीत?"

"मशीन कुठलं घ्यायचं, असं विचारत होतात ना तुम्ही. मशीनमधलं मला काय कळतं? पानांचं कुणी विचारलंच नाही."

मुलगा पायानं माती उकरत राहिला.

मग ठरलं. पानगळीच्या दिवसांत पसरायचं जाळं ताणायचं, कारण तेव्हा पानं माझ्याही आवाक्याबाहेर पडतात. ते कबूल करताना माझं काही कमी होत नाही. गाळाचं यंत्र वर्षातून एकदाच, तेही एका वेळी पाव तळं, आणि तोंडाला पिंजरा बसवून. तरंगती टोपली नको. आणि रोज सकाळी मी.

पण मला धरणार कोण? सुनेच्या पाळ्या बदलत्या. मुलगा पहाटे निघतो. आईंनी डाव्या हातानं मला धरून पाहिलं. पाण्यातून नेलं छान, पण भरल्यावर उचलवेना. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा दांडा त्यांच्या हातातून सुटला.

मुलगा हळूच म्हणाला, "आई, असू दे. आपण ती टोपलीच आणू. आणि जाळी टाकायची नाही हं. बैठकीत भिंतीवर लावू, छान फ्रेम करून. तुझी आणि बाबांची आठवण."

मला खिळा सोसला होता. कात्रीही सोसली असती. पण हे? माझ्यावर धूळ बसणार आणि पाहुणे म्हणणार, वा, काय सुरेख!

मला बोलता येत नव्हतं. आईंना येत होतं.

"लाव की," त्या म्हणाल्या. "शेजारी माझाही फोटो लाव. हार आत्ताच आणून ठेव, तेवढीच तुझी एक खेप वाचेल."

सून फिस्सकन हसली आणि मग तिनं तोंड दाबलं. मुलगा कानापर्यंत लाल झाला. तो माझा दांडा हातात घेऊन उभा राहिला. मी भरलेली होते, गळत होते. त्यानं मला वर केलं, खाली केलं, पुन्हा वर केलं. वजन जोखत होता.

"किती उचलावं लागतं रोज?" त्यानं विचारलं.

"भरली की हे एवढंच. असं वीसेक वेळा."

तीन दिवस तो कामावरून आला की मागच्या अंगणात ठोकाठोक करायचा. काठावर त्यानं एक खांब रोवला. त्याच्या माथ्यावर आडवा बांबू, मधोमध खिळीवर फिरणारा. एका टोकाला दोरीनं मी, दुसऱ्या टोकाला दगड भरलेला रंगाचा रिकामा डबा. दगड एकेक घालून, काढून त्यानं तोल असा साधला की भरलेली, गळती मी बोटाच्या धक्क्यानं वर येते.

"लिफ्ट काय मोटरवर वर जाते असं वाटतं का तुला?" तो बायकोला समजावत होता. "अर्धं काम पलीकडचं वजन करतं. मोटर नुसती ढकलते."

"मग यात मोटर कुठाय?" सुनेनं मुद्दाम विचारलं.

त्यानं आईंकडे बोट दाखवलं. आईंनी तेच बोट धरून पिरगळलं.

पानगळ लागायच्या आदल्या सकाळी पाण्याचा तळ दिसला. तिथे मुलाचा स्क्रूड्रायव्हर पडलेला होता, जो बायकोनंच हरवला असं तो चार वर्षं म्हणत होता. तो मीच वर काढला. काठावरच्या सपाट दगडावर ठेवला. तळं बुजवायचं त्यानंतर कुणी बोललं नाही.

आता मी म्हातारी झालेय. एकशे बारांतले नऊ टाके नवे आहेत, आईंनी चष्मा दोनदा पुसून घातलेले. यापुढेही फाटेन. फाटले तर टाका घाला. टाके घालण्यापलीकडे गेले तर माझं कडं घ्या आणि त्याला नवी पिशवी शिवा, फक्त चपटं अंग सरळ करू नका. आणि मी उपयोगाची नाही असं कुणाला म्हणायचं असेल, तर आधी आठ दिवस मला पाण्यात घाला, सावकाश चालवा, मग माझ्या तोंडावर म्हणा. खिळ्यावर असताना माझ्यामागे बोललेलं मी मोजत नाही.

तो खिळा मुलानं उपटला. खांबाच्या माथ्यावर बांबू फिरतो, तो त्याच खिळ्यावर. त्यामुळे मला टांगायला या घरात आता जागाच उरलेली नाही.

शेजारच्या झाडावर वारा सुटलाय. तिकडच्या कडेला चार पानं पडली. आईंचा चहा संपत आलाय, आणि मुकादम केव्हाचा येऊन थांबलाय.